जुन्या टाकीतून नव्या टाकीत: कोरल न्यावं, कीड नेऊ नये

नव्या रीफ टाकीत, म्हणजे कोरलांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, काही महिन्यांतच एप्टेशिया (छोटा उपद्रवी अॅनिमोन) किंवा लाल प्लॅनेरिया (चपटे किडे) दिसू लागले की बहुतेक जण डिपच्या, म्हणजे कोरल काही मिनिटं बुडवून ठेवायच्या औषधाला दोष देतात. औषधाचा दोष क्वचितच असतो. डिपने हलती-चालती कीड मरते किंवा गळून पडते. अंडी मरत नाहीत, आणि कोरलच्या बुडाशी असलेल्या दगडाच्या भोकांत औषध नीट पोचतही नाही. म्हणून तीन गोष्टी पाळायच्या. जुना दगड किंवा प्लग (कोरल चिकटवायची छोटी चकती) नव्या टाकीत न्यायचाच नाही. डिप एकदाच न देता अंडी फुटण्याच्या हिशेबाने पुन्हा पुन्हा द्यायचा. आणि मधला सगळा काळ कोरल वेगळ्या टाकीत, म्हणजे क्वारंटाइनमध्ये ठेवायचं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत कंटाळवाणी, आणि तीच टाकी वाचवते.

आधी कायद्याचं बघू. आपल्याकडे सगळी दगडी कोरलं, काळी कोरलं, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. गोव्यात ग्रँड आयलंडला डायव्हिंगला गेलात तर तिथलं काहीही उचलायचं नाही, मेलेला तुकडासुद्धा नाही. त्यामुळे पुढचं सगळं मऊ कोरलांपुरतं आहे: झोआ, मशरूम, लेदर आणि झेनिया. नवख्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी असंही आमचं ठाम मत आहे. ही कोरलं चुका सोसतात, कापल्यावर पुन्हा वाढतात आणि मध्यम उजेडात खूश असतात.

सुरुवात कधी करायची

नवी टाकी ड्राय रॉकवर, म्हणजे कोरड्या, जीव नसलेल्या दगडावर लावा. लाइव्ह रॉक (समुद्रातले किंवा दुसऱ्या टाकीतले जीव असलेला दगड) घेतला तर सगळी काळजी वाया जाते, कारण कीड त्या दगडातूनच येते. ड्राय रॉक आणि बाटलीतले बॅक्टेरिया घेऊन टाकी सायकल व्हायला, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया तिच्यात रुजायला, साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि क्वारंटाइनलाही किमान सहा आठवडे हवेत. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू केली तर नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत इकडे कोरलंही तयार होतात. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

गोव्यात महिना निवडणंही महत्त्वाचं. मे महिन्यात खोलीतलं पाणी सहज 30 अंशांच्या वर जातं. पाण्यावर पंखा लावून ते दोन-तीन अंश उतरवता येतं, पण ती करामत बाष्पीभवनाची असते. पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असल्यामुळे पंखा फारसं काही करत नाही, त्यात वादळी पावसात वीज जाते. चवथीचा (गणेश चतुर्थीचा) पाहुणचार आटोपून सुरुवात केली तर दिवाळीच्या सुमारास सहा आठवडे पुरे होतात, आणि पुढे थंडीचे दिवस मिळतात. चवथीआधी घराची रंगरंगोटी आणि डासांची, वाळवीची फवारणी होते. त्या दिवसांत कोणतीही टाकी उघडी ठेवू नका. कीटकनाशकाचा अंश पाण्यात उतरला तर कोळंबी आणि खेकडे आधी जातात.

जुन्या टाकीत काय काय आहे ते आधी बघा

लाइट बंद झाल्यावर दोन तासांनी लाल प्रकाशाचा टॉर्च घेऊन टाकीसमोर बसा. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधला तरी चालतो. दिवसा लपणारे जीव तेव्हा बाहेर येतात. जे दिसेल ते लिहून ठेवा, कारण पुढे काय शोधायचं ते या यादीवरून ठरतं.

झोआ खाणारं न्युडिब्रँक (शंख नसलेली समुद्री गोगलगाय) ओळखणं सगळ्यांत अवघड. ते ज्या पॉलिपवर जगतं त्याचाच रंग त्याच्या अंगात उतरतो, आणि पाठीवरचे झुबके पॉलिपच्या कडेसारखे दिसतात. ते शोधण्यापेक्षा लक्षण बघा. एखाद्या वसाहतीतले पॉलिप एका कडेपासून बंद होत जात असतील आणि बाकीची टाकी ठीक असेल, तर भिंग घेऊन पॉलिपच्या देठाशी बघा. तिथे पांढुरकी, जेलीसारखी, वळसे घेतलेली अंड्यांची फीत सापडते. सनडायल गोगलगाय त्या मानाने सोपी: चपटा, गोल जिना असावा तसा शंख आणि त्यावर काळे-पांढरे चौकोन. ती दिवसा पॉलिपच्या मध्ये झोपते.

लाल प्लॅनेरिया म्हणजे काही मिलिमीटरचे गंजाच्या रंगाचे चपटे किडे. उजेडाच्या जागी, मशरूमवर आणि काचेवर गर्दी करतात. ते कोरल खात नाहीत, पण त्याला झाकून टाकतात. शिवाय एकदम मेले तर त्यांच्यातलं विष पाण्यात उतरतं आणि मासे मरतात.

एप्टेशिया हा तपकिरी, पारदर्शक, लांब टोकदार सोंडांचा छोटा अॅनिमोन. बोट जवळ नेलं की भोकात गडप. त्याला खरवडायचं नाही. तळव्याचा जरासा तुकडा उरला तरी त्यातून नवा उगवतो. त्याशिवाय दगडाला चिकटलेल्या कडक नळ्या आणि त्यांतून सुटणारे चिकट जाळीचे धागे, म्हणजे व्हर्मेटिड गोगलगाय. हिरवे चकचकीत फुगे म्हणजे बबल अल्गी, पिसासारखं गडद हिरवं शेवाळ म्हणजे ब्रायॉप्सिस. केसाळ पायांचा, काळ्या नांग्यांचा खेकडा दिसला तर तोही नको.

क्वारंटाइन टाकी

24×12×12 इंचांची काचेची टाकी पुरते. काठोकाठ 56 लिटर बसतात, दहा इंच भरली तर 47. तळाला वाळू नाही, दगड नाही. उघड्या तळावर गळून पडलेली कीड लगेच दिसते, हाच त्या टाकीचा मोठा फायदा. प्लग ठेवायला प्लॅस्टिकच्या एगक्रेट जाळीचा तुकडा चार पायांवर उभा करा. गाळणीसाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, हालचालीसाठी तासाला 1000 ते 1500 लिटरचा छोटा वेव्हमेकर आणि थर्मोस्टॅटवाला 50 वॉटचा हीटर घ्या. जानेवारीच्या रात्री तोही लागतो. उजेड मध्यमच ठेवा, मऊ कोरलांना 50 ते 100 पार (उजेडाचं माप) पुरे.

स्पंज जुन्या टाकीत मुरवून आणू नका. सोयीचं वाटतं, पण त्यातून प्लॅनेरिया आणि एप्टेशियाची पिल्लं थेट येतात. बाटलीतले बॅक्टेरिया घालून तीन-चार आठवडे आधी सायकल सुरू करा.

पाणी फक्त आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं, टीडीएस मीटरवर शून्य आलेलं. ओपाच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी मऊ लागलं तरी त्यात लोह असू शकतं. मिरामारचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा मोह टाळा: ते मांडवीच्या मुखाजवळचं पाणी, पावसाळ्यात खारेपणा उतरलेलं आणि गढूळ. सॉल्ट मिक्स लिटरला 36 ते 38 ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे थोडं बदलतं. खारेपणा 35 पीपीटी (हजार भागांत 35), म्हणजे विशिष्ट घनता 1.026 च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या आरओ पाण्याने शून्य जुळवला तर वर एक-दोन पीपीटीची चूक राहू शकते. तापमान 25 ते 27, क्षारता 8 ते 9 डीकेएच. दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदला.

ही टाकी मुख्य टाकीपासून निदान तीन मीटर दूर ठेवा, कारण बुडबुड्यांतून उडणाऱ्या थेंबांबरोबरही रोग जातो. बादली, जाळी, चिमटा, टॉवेल सगळं वेगळं, आणि त्यावर रंगीत टेप लावा म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाकडूनही गल्लत होणार नाही. रोजचं काम आधी मुख्य टाकीचं, मग क्वारंटाइनचं. उलट कधीच नाही.

दगडापासून सोडवणं

इथे सुरक्षेकडे आधी लक्ष द्या. झोआ आणि पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकतं. नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल घातल्याशिवाय सुरी लावू नका, हाताला जखम असेल तर काम पुढे ढकला. कापताना पिचकारी उडते, म्हणून तोंड बाजूला ठेवा. झोआ वाढलेला दगड उकळायचा नाही, गरम पाणी ओतायचं नाही, सुकल्यावर घासायचा नाही. उकळत्या दगडाच्या वाफेने घरातली सगळी माणसं आजारी पडल्याची उदाहरणं आहेत. हे काम स्वयंपाकघरात तर मुळीच नको.

झोआ काढताना स्कॅल्पेल आडवी धरून पॉलिपच्या खालची चटई दगडापासून सोलायची. दगडाचा पातळ पापुद्रा बरोबर आला तर चालेल, जाड खपली नको. सोललेला तुकडा टिश्यूवर बुडाने टेकवून पाणी टिपा, मग नव्या सिरॅमिक प्लगवर जेल सुपरग्लूने चिकटवा. पातळ सुपरग्लू झोआवर पसरतो आणि पॉलिप बंद पाडतो, म्हणून जेलच घ्या.

मशरूमला ग्लू लागत नाही, त्याच्या चिकट अंगावरून तो सोलपटून येतो. देठातून कापा आणि छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यात ड्राय रॉकच्या बारीक तुकड्यांवर सोडा. वर जाळीचं कापड रबरबँडने बांधा, डबा कमी प्रवाहात ठेवा. एक-दोन आठवड्यांत मशरूम एखाद्या खड्याला धरतं. तो खडा मग प्लगला चिकटवता येतो.

लेदर कोरल देठातून एका झटक्यात कापा, करवतीसारखं मागेपुढे करू नका. कापल्यावर ते भरपूर चीक सोडतं, आणि तो चीक इतर कोरलांना बाधतो. तीन वेगवेगळ्या भांड्यांत खळबळून घ्या आणि पहिले दोन दिवस टाकीत अॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा. प्लगवर बसवायला देठातून टूथपिक आरपार घालून तिच्या दोन्ही टोकांना रबरबँड अडकवतात. रबरबँड सैल हवा, घट्ट बांधला तर तो देठ कापत जातो. झेनिया सगळ्यांत सोपी: ती वाढते त्या जागेशेजारी स्वच्छ खडा टेकवून ठेवा, ती स्वतःहून चढते, मग मधला दुवा कापायचा. मात्र खडा जुन्या टाकीत राहिलेला असतो, म्हणून झेनियाला क्वारंटाइनचे दिवस जास्त द्या.

वाळू, स्पंज, बायोमीडिया, शेवाळाचे गुच्छ यांतलं काहीच न्यायचं नाही. गोगलगायी न्यायच्या असतील तर शंख जुन्या टूथब्रशने घासा आणि त्यांनाही क्वारंटाइन द्या. शंखाच्या खाचेत बसलेला एप्टेशिया फार वेळा निसटून येतो.

वाटेतला प्रवास

प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, पिशवीवर दुसरी पिशवी. कोरल बुडेल इतकं पाणी, बाकी हवा. पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात उभ्या रचा आणि मध्ये कागद कोंबा. खोकं नवं घ्या, मासळी बाजारातलं जुनं खोकं कितीही धुतलं तरी नको. फोंड्याहून म्हापशाला जायचं झालं तरी दुपारी डिकीत ठेवू नका, एसीत पायाशी ठेवा. बर्फ लावायचा नाही, मऊ कोरलांना एकदम गारठा सोसत नाही.

डिपचा दिवस

पिशवी 15 ते 20 मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा. पिशवीतल्या आणि टाकीतल्या खारेपणात दोन पीपीटीहून जास्त फरक असेल तरच अर्धा तास थेंब-थेंब पाणी सोडा. नाहीतर सरळ डिपला घ्या. पिशवीतलं पाणी टाकीत जाता कामा नये.

पांढऱ्या तळाची एक लिटरची चार भांडी मांडा: पहिल्यात स्वच्छ खारं पाणी, दुसऱ्यात डिप, तिसऱ्या आणि चौथ्यात पुन्हा खारं पाणी. कोरल आरएक्स किंवा रिव्हाइव्हसारखं वनस्पतीतेलावर आधारलेलं तयार औषध लेबलवरच्या मापानेच घाला. नवख्याने माप वाढवायचं नाही. तुकडा दहा मिनिटं ठेवायचा आणि दर मिनिटाला मोठ्या ड्रॉपरने किंवा टर्की बास्टरने त्याच्या बुडाशी जोरात पाण्याचा फवारा मारायचा. हा फवाराच अर्धं काम करतो. औषधाने गुंगलेली कीड पकड सोडते, पण झोआच्या देठांमध्ये ती अडकून राहते, आणि धक्का बसल्याशिवाय खाली पडत नाही. दहा मिनिटांनी भांड्याचा तळ टॉर्चने बघा आणि काय पडलं ते लिहा. मोबाइलच्या मॅक्रो मोडने फोटो काढला तर पुढच्या वेळी तुलना करता येते.

ल्युगॉल आयोडीनचा उपयोग कापलेली जखम निर्जंतुक करायला जास्त, किडीसाठी कमी. पाच टक्क्यांच्या द्रावणाचे लिटरला आठ-दहा थेंब, दहा मिनिटं. झोआच्या तुकड्यावर शेवाळ असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. इथे माप चुकण्याची भीती आहे: परदेशी लेखांत तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड धरलेलं असतं, आणि आपल्या फार्मसीत बहुधा सहा टक्क्यांची बाटली मिळते. लेबल वाचा. सहा टक्क्यांचं असेल तर 50 मिलिलिटर पेरॉक्साइडमध्ये 950 मिलिलिटर टाकीचं खारं पाणी, पाच मिनिटं. झेनियाला पेरॉक्साइड देऊ नका, ती टिकत नाही.

काही परदेशी रीफवाले बागेचं कीटकनाशक डिप म्हणून वापरतात. इथे काजूवर मारायचं औषध घरात असलं तरी ते वापरू नका. त्यातले द्रावक वेगळे असतात, कोरल जळतं, आणि त्याचा अंश टाकीत गेला तर कोळंबी-खेकडे मरतात.

वापरलेलं डिपचं पाणी गटारात, ओहोळात किंवा खाडीत ओतायचं नाही. त्यातले जीव परके असतात आणि पाण्यात काही जिवंतही असू शकतात. लिटरला दहा मिलिलिटर साधं ब्लीच घालून रात्रभर ठेवा आणि मग संडासात ओता. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलंही रसायन मिसळू नका. पेरॉक्साइडच्या पाण्यात ब्लीच नको, ते आधी दोन-तीन दिवस उघड्यावर ठेवून द्या.

सहा आठवडे

डिप पहिल्या दिवशी, मग सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी. न्युडिब्रँकची अंडी साधारण एक-दोन आठवड्यांत फुटतात. दर आठवड्याला डिप दिला तर पिल्लं वाढून नवी अंडी घालण्याआधी सापडतात. प्रत्येक डिपच्या वेळी प्लग उलटा करून भिंगाने बघा. अंड्यांची फीत दिसली तर ती चिमट्याने खरवडायची, औषधावर सोडायची नाही. एप्टेशिया दिसला तर तो प्लग फेका आणि कोरल नव्या प्लगवर घ्या. घेता येत नसेल तर शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सुईने त्याच्या तोंडावर सोडा. पानाला लावायचा चुना यासाठी नको, त्यात काय मिसळलेलं असतं ते कळत नाही. व्हर्मेटिडच्या नळीच्या तोंडावर सुपरग्लूचा थेंब पुरतो.

लाल प्लॅनेरिया निघाले तर आधी बारीक नळीने जमतील तितके ओढून काढा, मग औषध, मग लगेच कार्बन आणि पाणी बदल.

एकविसाव्या दिवसानंतर तीन आठवडे औषध नाही, फक्त निरीक्षण. या तीन आठवड्यांत काहीही दिसलं तर मोजणी पहिल्यापासून. हा नियम कठोर वाटतो, पण सवलत दिली की क्वारंटाइनचा अर्थच जातो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे कोश प्लगवर बसून येतात आणि त्यांच्यावर डिप भरवशाचा नाही. नव्या टाकीत आधीच मासे असतील तर क्वारंटाइन 76 दिवसांपर्यंत लांबवा, आणि क्वारंटाइनच्या टाकीत एकही मासा ठेवू नका.

डिपनंतर झोआ एक-दोन दिवस मिटून राहतात, लेदर आठवडाभर मेणचट पापुद्रा धरून बसतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. पापुद्रा निघत नसेल तर प्रवाह थोडा वाढवा. पण मशरूम तपकिरी चिकट पाण्यासारखं विरघळू लागलं किंवा वास आला तर तो तुकडा ताबडतोब बाहेर काढा.

नव्या टाकीत

अमोनिया, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट 5 ते 15 पीपीएम असेल तरच कोरलं हलवा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य असलेली टाकी नवख्याला आदर्श वाटते, पण तशा पाण्यात मऊ कोरलं आखडतात आणि डायनोफ्लॅजेलेट (तपकिरी चिकट थर धरणारे सूक्ष्मजीव) फोफावतात. फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम ठीक.

हलवताना सिरॅमिक प्लगचा दांडा कटरने तोडा आणि बूड ब्रशने घासा. सगळी कोरलं आधी तळाशी, सावलीच्या बाजूला ठेवा आणि दोन आठवड्यांत हळूहळू वर घ्या. झेनिया मुख्य दगडावर नको. ती दगडभर पसरली की काढणं जवळपास अशक्य होतं, म्हणून वेगळ्या खडकाचं बेट करून त्यावर ठेवा.

रिकाम्या झालेल्या क्वारंटाइन टाकीत साधं पाणी आणि ब्लीच घालून पंप एक दिवस चालू ठेवा, मग सगळं धुऊन पूर्ण वाळवा. उन्हाळ्यात उन्हात तीन-चार दिवस पुरतात. पावसाळ्यात स्पंज आतून ओलाच राहतो, तेव्हा तो टाकून नवा घ्या आणि काच पंख्याखाली आठवडाभर ठेवा.